टाकीखालची कोथिंबीर

काल तुम्ही कोशिंबिरीवर जी कोथिंबीर चिरून घातलीत, ती तुमच्या घरी येण्याआधी कोणत्या पाण्यात धुतली होती?

माहीत नसेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मलाही माहीत नव्हतं. तरीही दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी एका पत्रकाच्या पहिल्या ओळीत जाड अक्षरांत लिहिला, त्याच्या दीडशे झेरॉक्स काढल्या आणि उत्तर ठाऊक असल्याच्या थाटात खाली पानभर मजकूर ठोकून दिला. त्या एका कागदामुळं एका बाईची अकरा वर्षांची बसायची जागा जायची वेळ आली. तेव्हापासून बाजारातून जाताना माझे पाय सरळ पडत नाहीत. प्रत्येक भाजीच्या बुट्टीपाशी थांबते, कोथिंबिरीची पेंडी, म्हणजे जुडी, उचलते, हुंगते, परत ठेवते. विकणाऱ्या बायका म्हणतात, घ्यायची नसली तर चिवडू नको.

आमचं गाव सांगलीपासून सायकलच्या अंतरावर आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी माधवनगरच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पण अण्णांची पत्रकं काही बंद पडली नाहीत. रेशनचा तांदूळ, एसटीचा थांबा, स्मशानातली शेड, कशावरही ते एक पानी पत्रक काढायचे आणि स्वतः घरोघर वाटायचे. उरलेली पत्रकं आमच्या घरात सगळीकडं असायची. डब्यांच्या तळाशी, देवळीत, गादीखाली. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरसुद्धा त्यांचीच. पाचवीत माझ्या भूगोलाच्या वहीवर ‘बंधूंनो, आणखी किती दिवस सोसणार?’ असं छापलेलं होतं. बाईंनी वही तपासताना विचारलं, “हे माझ्यासाठी आहे का गं?”

पत्रक कसं लिहायचं हे मी बाराखडीच्या पाठोपाठ शिकले. अण्णा सांगायचे, पहिल्या ओळीत प्रश्न पाहिजे, वाचणाऱ्याला टोचला पाहिजे. शेवटच्या ओळीत मागणी पाहिजे. मधे एकही खोटा शब्द नको. आणि खाली आपलं नाव पाहिजे. हे चारही नियम मला पाठ होते. पाठ असूनही मी दोन मोडले, आणि तिसरा अर्धा.

साताऱ्याला मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकीला एक लहान प्रकल्प करायचा होता. कुणी दही घेतलं, कुणी मोबाईलचा पडदा. मी कच्च्या खायच्या भाज्या घेतल्या. शिजवलेल्या भाजीतले बरेचसे जंतू उकळीतच मरून जातात. काकडी, मुळा, कांद्याची पात, कोथिंबीर मात्र आपण जशी आणतो तशी खातो. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये सकाळी दहाला चिरलेल्या काकडी-टोमॅटोच्या चकत्या दुपारी दीडला ताटात पडायच्या, आणि ताटावर बसून आम्ही स्वच्छतेवरच्या नोट्स पाठ करायचो.

कोथिंबिरीची पानं निर्जंतुक पाण्यात खळखळून हलवायची, ते पाणी तपासायचं, एवढंच काम. पहिल्यांदा त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन मी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. मग एक बारीक रेघ दिसली. मला वाटलं, काच खरवडली आहे. तेवढ्यात ती रेघ वळली आणि चालू लागली. तिच्यामागं दुसरी. मग जिकडं बघावं तिकडं काड्या, ठिपके, धडपडणारे, एकमेकांना धडकणारे, जागच्या जागी थरथरणारे. आमच्या घरात तिन्ही त्रिकाळ ताटात पडणारी कोथिंबीर ती. मी डोळा काढला, पुन्हा लावला. त्या दिवशी दुपारी जेवताना मी काकडी बाजूला सारली. शेजारची मैत्रीण म्हणाली, “दे इकडं, माझे जंतू उपाशी आहेत.”

हे सगळे जंतू वाईट नसतात. बहुतेक बिचारे मातीतले, पानावरचे, आपल्याशी काही देणंघेणं नसलेले असतात. वाईटाचा माग काढायला वेगळी बशी असते. तिच्यात जांभळट रंगाचं माध्यम, म्हणजे जंतू वाढायला लागणारं खाद्य, ओततात. मैलापाण्यातून आलेला, माणसाच्या नाहीतर जनावराच्या आतड्यात राहणारा एक जंतू त्यावर वाढला की त्याच्या ठिपक्यांना हिरवी, धातूसारखी चकाकी येते, एखाद्या किड्याच्या पाठीवर असते तशी. मी वेगवेगळ्या ठिकाणच्या भाज्या घेतल्या. मेसची काकडी, साताऱ्याच्या मंडईतला मुळा, आणि रविवारी घरी गेले होते तेव्हा डब्यात घालून आणलेली आमच्या गावची एक पेंडी कोथिंबीर. दुसऱ्या दिवशी बशा काढल्या. मेसच्या आणि मंडईच्या बशीत थोडे ठिपके होते. आमच्या गावची बशी नुसती चमकत होती.

प्रकल्प बघणाऱ्या मॅडमकडं मी धावतच गेले.

“ओळखलंस?” त्यांनी विचारलं.

“ई. कोलाय. म्हणजे या कोथिंबिरीला मैलापाणी लागलंय.”

“कुठं लागलं?”

“बाजारात.”

“कशावरून?”

मी हातातल्या बशीकडं बघितलं.

“शेतात लागलं असेल, ओढ्यात लागलं असेल, तुझ्या डब्यात, तुझ्या हाताला. एक पेंडी, एक दिवस, एक बशी. आणखी चार वेळा आण. शेतातून आण, बाजारातून आण, घरातून आण. मग बोलू.”

मी हो म्हटलं, पण माझ्या डोक्यात काही ते राहिलं नाही. कारण त्याच्या आदल्या पावसाळ्यात अण्णा टायफॉईडनं तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते. गिरणीत आठ-आठ तास उभा राहिलेला माणूस भिंत धरून मोरीपर्यंत जायचा. अण्णांना भाकरीबरोबर कच्चा मुळा आणि मूठभर कोथिंबीर लागते, आणि ती आई नेहमी एकाच ठिकाणाहून आणायची, गावच्या पाण्याच्या टाकीखालून. माझ्या बशीतली पेंडीही तिथलीच. मी मॅडमना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “टायफॉईडचा जंतू वेगळा. तो तुझ्या बशीत नाही. असेलही, नसेलही. तू तो शोधलेलाच नाहीस.”

शनिवारी साताऱ्याहून सांगलीची गाडी पकडली. कऱ्हाडला खिडकीची जागा मिळाली, पेठ नाक्याला गाडी वळेपर्यंत माझं पत्रक लिहून तयार होतं. मधल्या मजकुरात मी लिहिलं: ‘आपल्या गावात पाण्याच्या टाकीखाली मिळणाऱ्या कोथिंबिरीत मैल्यातले जंतू सापडले आहेत. टायफॉईडसारखे रोग अशाच भाजीतून पसरतात.’ दुसरं वाक्य पुस्तकात आहे, खोटं नाही. पण पहिल्याच्या शेजारी ते बसवताना मी काय करत होते हे मला माहीत होतं. शेवटची ओळ होती, ‘अशी भाजी घेऊ नका.’ खाली लिहिलं, ‘एक जागरूक नागरिक’.

टाकीखाली कोथिंबीर विकणारी सबंध गावात एकच बाई होती.

तिला सगळे मावशी म्हणतात. सासर कवठे महांकाळच्या बाजूचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नवरा गेल्यावर ती आमच्या गावात भावाकडं आली. भावाच्या वाफ्यातली कोथिंबीर, मुळा, मेथी घेऊन अकरा वर्षं गावच्या उंच टाकीच्या सावलीत बसते. ऊन फिरलं की तीही बुट्टी सरकवत टाकीभोवती फिरते. चारला ती टपाल पेटीजवळ असते, सहाला शाळेच्या भिंतीला.

झेरॉक्स मी पहाटे दुकानांच्या शटरमध्ये सरकवल्या आणि पत्रकाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायला एका मैत्रिणीला दिला. मग दुपारच्या गाडीनं साताऱ्याला निघून गेले. मला वाटत होतं, मी फार मोठं काम केलं आहे. आठवडाभर मी वसतिगृहाच्या जिन्यावर वरखाली करत होते, घरी फोन करून आडून आडून विचारत होते, “काय, गावात काही नवीन?”

आई म्हणाली, “नवीन कसलं. मावशीकडं कुणी जाईना झालंय. शाळंची पोरं तिला जंतूवाली म्हणून हाका मारत्यात. आता ग्रामसभेत विषय हाय म्हणं, टाकीखाली भाजी बसवायची न्हाई. पिण्याच्या पाण्याची टाकी हाय, रोगराई व्हईल.”

मी फोन ठेवला. तिला उठवायचं असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. मग मी काय लिहिलं होतं?

पुढच्या शनिवारी घरी गेले तेव्हा अण्णा पायरीवर बसून तोच कागद वाचत होते. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “प्रश्न चांगलाय. लिहिणाऱ्याला चांगलं शिकिवलंय कुणीतरी.”

मी पायातल्या चपला काढत राहिले.

“पन मागनी कुणाकडं हाय ही? भाजी घेऊ नका. गिऱ्हाइकाला सांगतोय. ज्याच्या हातात काय करायचं असतंय त्याचं नावच न्हाई ह्यात. आन् खाली सही न्हाई.” त्यांनी कागदाची घडी घातली. “बिनसहीचं पत्रक म्हंजे भिताडाआडनं मारलेला धोंडा. लागला कुणाला, तेवढं बघून ये जा.”

त्यांनी ओळखलं होतं. अक्षर टाईप केलेलं होतं, पण वाक्यं त्यांच्याच घरात घडलेली.

संध्याकाळी टाकीखाली गेले. मावशी शाळेच्या भिंतीला बसली होती, बुट्टी भरलेली, वर ओलं पोतं. तिनं मला बघून हाक मारली.

“ये पोरी. तू सातारला शिकतीस न्हवं? ह्ये वाच की जरा. समदी सांगत्यात मला, खरं पुरतं कुनी वाचून दावंना.”

तिनं कमरेच्या पिशवीतून माझं पत्रक काढलं. चार घड्या पडलेलं, हळदीचा डाग लागलेलं. मला वाचता येत नाही असं सांगणं शक्य नव्हतं. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले आणि माझंच पत्रक तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. एक शब्द गाळावा असं टाकीच्या उल्लेखापाशी वाटलं. गाळला नाही. वाचताना माझाच आवाज मला परक्याचा वाटत होता.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “जंतू म्हंजी दिसत्यात व्हय गं?”

मी फोनमधला त्या जांभळ्या बशीचा फोटो उघडून दाखवला. तिनं फोन लांब धरला, मग जवळ घेतला.

“ह्ये तर डोंगरावरनं बघितल्यावर मेंढरं बसल्यागत दिसतंय,” ती म्हणाली. “येक कळप हितं, येक तितं. आन् ह्ये माझ्या कोथमिरीवरलं?”

“हो.”

“कुनी बघितलं?”

“मी.”

“आन् लिवलं कुनी?”

समोरून दोन बायका आल्या. टाकीकडं एकदा बघितलं आणि रस्त्यापलीकडं बसणाऱ्या भाजीवालीकडं वळल्या. मावशीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत होती.

“मीच,” मी म्हटलं.

तिनं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पत्रकाची घडी घालत राहिली. ती घडी कमरेच्या पिशवीत सारून म्हणाली, “सातारला जाऊन शिकलीस, आन् यवढं इचारायला आली न्हाईस व्हय, मावशे कुटं धुतीस म्हनून? घर हाय की माझं. हितनं दिसतंय.” आणि मग, “उद्या सकाळी सहाला वढ्याव ये. वही आन तुझी.”

गेले. भावाच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. वरच्या बाजूला गावाची गटारं त्यालाच येऊन मिळतात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं, पण भाजीशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता. तिथं सात-आठ बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पेंड्या बुचकळत होत्या. मुळे घासून पांढरे करत होत्या. त्यांत रस्त्यापलीकडं बसणारी, जिच्याकडं आता सगळं गाव वळलं होतं, तीही होती. एकच पाणी, एकच दगड. मावशी बदनाम झाली आणि तिच्या शेजारणीच्या बुट्टीतून तेच पाणी गावभर जात होतं. माझ्या पत्रकानं एकाही माणसाच्या ताटातला एकही जंतू कमी केला नव्हता.

“पण इथं कशाला धुता?” मी विचारलं. “घरच्या पाण्यानं...”

बायका हसल्या. एक म्हणाली, “आवं बाई, नळाला पानी एकाआड दिस. दोन घागरीत प्यायचं का पाचशे पेंड्या धुवायच्या?”

“मग नका ना धुऊ. माती असू द्या.”

आता तर त्या पोट धरून हसल्या. मावशी म्हणाली, “मातीची पेंडी सांगलीच्या मार्केटात सौद्याला न्हेऊन बघ येकदा. येपारी पायानं बाजूला सारतोय. आन् गावात तर तुज्या आईलाच इचार.”

आईला विचारायची गरज पडली नाही. त्याच दिवशी ती पलीकडच्या बाईकडून कोथिंबीर घेऊन आली होती. ओली, टवटवीत, मुळं पांढरीशुभ्र. टोपलीत ठेवता ठेवता म्हणाली, “बघ, किती चकचकीत हाय. मावशीकडची घेत न्हाई आता.” आणि ती न धुताच चिरायला घेतली, कारण ती धुतलेलीच तर होती. मला आठवलं, लहानपणापासून मला पैसे देऊन भाजीला पाठवताना ती हेच सांगायची: चकचकीत बघून आण. मी आणायचे. सबंध गाव चकचकीत बघून आणत होतं, आणि ती चकाकी द्यायला त्या बायका ओढ्यात उभ्या राहत होत्या. मी आईच्या हातून पेंडी ओढून घेतली. ती म्हणाली, “याड लागलंय का तुला?” मी ती पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली, पान अन् पान मोकळं करून धुतली.

ग्रामसभेला चार दिवस होते. मी कॉलेजला गेले नाही. मावशीच्या रानातून मातीसकट उपटलेली एक पेंडी, ओढ्यात धुतलेली एक, आणि मातीसकट आणून घरी नळाखाली धुतलेली एक, अशा तीन पेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून साताऱ्याला जाणाऱ्या ओळखीच्या मुलीबरोबर मॅडमकडं पाठवल्या. सोबत चिठ्ठी दिली, मी चूक केली आहे, कृपया बघा. मॅडमनी फोटो पाठवले. ओढ्याची बशी चमकत होती. घरी धुतलेलीच्या बशीत चमकणारे ठिपके दोन-चार होते. मातीच्या पेंडीच्या बशीत बरीच वाढ होती, पण चकाकी थोडी. खाली मॅडमनी लिहिलं होतं, ‘शून्य कुठेच नाही. शून्य लिहू नकोस. आणि ही पण एकदाच केलेली चाचणी आहे.’

रात्री अण्णांनी दिव्याखाली माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. मी लिहायचे, ते खोडायचे. ‘माफी’ हा शब्द मी तीनदा लिहिला होता, त्यांनी दोन खोडले. “येकदा म्हन. पन मोठ्यानं म्हन.” शेवटच्या ओळीत मी लिहिलं, टाकीखाली बाजारासाठी एक नळ द्या. खाली माझं नाव आणि घर क्रमांक. पत्रकं मी यावेळी शटरमध्ये सरकवली नाहीत. दारं वाजवली. काही जणांनी घेतलं. एक काका म्हणाले, “आधी आग लावायची, मग पानी मागायचं. बरंय तुमचं पत्रकवाल्यांचं.” ते बरोबरच बोलत होते, म्हणून मी पुढच्या दारावर गेले.

ग्रामसभा शाळेत भरली. टाकीखालची जागा मोकळी करायचा विषय सातवा होता. मी उभी राहून बोलायला लागले. पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले की पहिलं पत्रक माझं होतं, अर्धवट तपासून लिहिलं होतं, मावशीची कोथिंबीर आणि गावात मिळणारी बाकीची एकाच ओढ्यात धुतलेली असते, आणि टायफॉईडचं मी उगीच जोडलं. मागून कुणीतरी म्हणालं, “मग आमी खायचं तरी काय गं, वाळकी भाकरी?” हशा पिकला. मी खाली बसले.

तेव्हा मावशी उठली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. ती पदराआडून दोन पेंड्या घेऊन पुढं गेली आणि टेबलावर ठेवल्या. एक हिरवीगार, ओली, पांढऱ्या मुळांची. दुसरी मातीनं लडबडलेली, मुळांना ढेकळं चिकटलेली, पानं जरा माना टाकलेली.

“सरपंच, तुमी बाजारला आलाय असं धरा,” ती म्हणाली. “कंची घेनार?”

सरपंच हसले. सहजच त्यांचा हात ओल्या पेंडीकडं गेला. “ही की. ती कोन घेतंय?”

“तुमी?” तिनं पुढच्या रांगेला विचारलं. “आन् तुमी?”

सगळ्यांची बोटं त्याच पेंडीकडं.

“दोनी येकाच वाफ्यातल्या हायती,” मावशी म्हणाली. “तुमी घेतलीसा ती वढ्यातली. मातीची रानातनं सरळ आनल्याली. अकरा वर्सं मी मातीचीच आनली असती, तुमी घेतली असती तर. मला हितनं उठवा. खरं मी उठल्याव बी तुमी हीच घेनार.”

सरपंचांनी हात टेबलाखाली घेतला. ते काही जादूचं दृश्य नव्हतं. लगेच एकानं विचारलं, मातीची न्यायची तर घरात धुवायला पाणी कुठून आणायचं, एकाआड दिवस तर येतंय. त्यावर अर्धा तास पाणी, मोटार, बिल, मागचा सरपंच, त्याच्या मागचा सरपंच, सगळं झालं. शेवटी ठराव असा झाला की नळाची व्यवस्था होईपर्यंत टाकीखालच्या विक्रेत्यांना उठवू नये. विक्रेत्यांना म्हणजे मावशीला. तिची जागा राहिली.

नळ अजून झालेला नाही. पाईप आणून टाकलाय, तो टाकीच्या पायाशी दीड वर्ष पडून आहे. मावशी कधी कधी त्यावर बसते. तिच्या डोक्यावर गावभराचं क्लोरीन घातलेलं पाणी असतं, आणि बुट्टीवर शिंपडायला ती घरून एक बाटली भरून आणते. तिनं ओढ्यात धुणं बंद केलंय. मातीच्या पेंड्या आणते. गिऱ्हाईक पूर्वीच्या निम्मंच परत आलंय. पोरांनी जंतूवाली म्हणणं सोडलं, पण एखाद-दुसरा अजूनही म्हणतो. ती म्हणते, “म्हनू दे. तुज्यापरीस बरी हायती, तोंडाव म्हनत्यात.”

पलीकडची बाई अजून ओढ्यात धुते. तिच्याकडं गर्दी असते. मी तिच्यावर पत्रक काढलेलं नाही.

मी आता सांगलीत नोकरी करते आणि जाता-येता त्या पाईपाकडं बघते. ग्रामपंचायतीत चार अर्ज दिले, चारही माझ्या नावानं. दर वेळी सांगतात, बघू. आई आता मातीची कोथिंबीर आणते, पण नाक मुरडून. अण्णा कच्चा मुळा सोडायला तयार नाहीत. साल काढून, नळाखाली धुऊन, मगच खातात. एवढं मिळवलं. रात्री अंथरुणावर पडलं की मला अजून ती रेघ आठवते, काचेवरचा ओरखडा समजले ती, मग वळून चालू लागलेली.

म्हणून तुम्हाला सांगते. आज संध्याकाळी भाजीला जाल तेव्हा चकचकीत पेंडी खाली ठेवा आणि मातीची मागा. घरी आणून तिची माती झटका, मुळं कापा, पानं सुटी करा आणि पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. ओल्या पेंडीची काडी धुतल्याशिवाय विळीवर नेऊ नका. घरात कुणी आजारी असेल, लहान बाळ असेल, तर त्याच्यापुरतं शिजवूनच द्या. एवढं झालं की दुसऱ्या दिवशी तुमच्या बाजारात एक चक्कर मारा. विकणाऱ्या बाईला ‘कुठं धुतलीस’ म्हणून दरडावू नका. तिला पाणी कुठून मिळतं तेवढं बघा. नळ नसेल तर एका ओळीचा अर्ज लिहा, बाजाराला नळ द्या, आणि तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत स्वतः जाऊन द्या. पोच घ्या. आणि खाली तुमचं नाव घाला.